जर्मनी: ब्लू कार्ड की ऑपॉर्च्युनिटी कार्ड?

अंबड एमआयडीसीत डिझाइन इंजिनिअर असलेला माझा भाचा सध्या चहा गार होईपर्यंत जर्मन क्रियापदं घोकतो.

ब्लू कार्डाला, म्हणजे उच्चशिक्षितांना तिथे राहून नोकरी करायच्या परवान्याला, आधी हातात नोकरी हवी, तीही ठरावीक किमान पगाराची. नाशकात बसून ऑनलाइन मुलाखती देताना दम निघतो. पण एकदा जमलं की जोडीदारालाही कामाची मुभा, आणि जर्मन भाषेची बी-१ (मध्यम) पातळी झाली असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज. नुसती प्राथमिक ए-१ पातळी असेल तर २७.

जून २०२४पासूनचं ऑपॉर्च्युनिटी कार्ड, म्हणजे तिथे जाऊन नोकरी शोधायचा परवाना, नोकरीविना मिळतं. गुणांच्या वाटेने (शिक्षण, अनुभव, भाषा, वय वगैरेंचे गुण धरतात) किमान ६ गुण आणि खर्चाची सोय दाखवायची. तिथे आठवड्याला २० तास काम करता येतं. मुदत मात्र जेमतेम वर्षाची.

बहिणीने एफडी मोडायला काढलीय. मी म्हटलं, थांब गं, आधी सहा महिने ब्लू कार्डासाठीच अर्ज करू दे त्याला.