हिरवी रेघ आणि उद्यमनगरातले मामा

आधीच सांगतो, प्रोजेक्टर दुरुस्तीच्या या दुकानाला पाटी नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका लेथच्या शेडला चिकटून दहा बाय बाराची खोली आहे, दारात दोन जुन्या प्रोजेक्टरचे सांगाडे गंजत पडलेत, तेच दुकान. नाव आणि फोन कुठं टाकायचा नाही अशी दुकान चालवणाऱ्या मामांची ताकीद आहे. "मग लोकं टीव्ही घिऊन येत्यात," म्हणाले. तेवढं सोडून बाकी सगळं लिहितो.

माझे वडील थेटरात ऑपरेटर होते. डिजिटल आल्यावर केबिनमधली मशिनं किलोच्या भावानं भंगारात गेली, तेव्हा वडिलांनी एक ३५ एमएमचं पोर्टेबल मशीन आणि रिळांचे सात-आठ डबे घरी आणले. आई महिनाभर बोलली नाही. आता वडील नाहीत, मशीन आहे. गणपतीत एक रात्र आम्ही तालमीसमोर पडदा बांधतो आणि जुन्या जाहिराती, वार्तापट असलं काहीबाही दाखवतो. पोरं पडद्याकडं कमी आणि मशीनकडंच जास्त बघत बसतात.

गेल्या वर्षी त्या पडद्यावर उजव्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ उमटली. केसाएवढी बारीक, पण जागची हलेना. रीळ संपेपर्यंत तिथंच. दुसरं रीळ लावलं, त्यावरही तीच. आदल्या वर्षी हेच रीळ स्वच्छ होतं, मी स्वतः बघितलेलं.

पहिल्यांदा एका दुसऱ्याच माणसाला घरी बोलावलं. त्यानं गेट, म्हणजे फिल्म भिंगासमोरून जाते ती खाच, उघडलं, स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं, तिथं फिल्म दाबून धरणाऱ्या प्रेशर पॅडची स्प्रिंग आवळली, "प्रिंटच जुनी आहे, त्याला कोण काय करणार" असं सांगून पंधराशे रुपये घेतले आणि गेला. रेघ तशीच राहिली, वर मशीन हलगी वाजवल्यागत वाजायला लागलं.

मग कुणीतरी मामांचं सांगितलं. रिक्षात मशीन घालून उद्यमनगरात गेलो. सत्तरी ओलांडलेला माणूस, बनियनवर, समोर चहाचा कप. मशीनकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

"रीळ कुठाय?"

"घरी."

"मग मशीन घिऊन काय करू? चरा मशीनवर पडलाय का रिळावर?"

परत मंगळवार पेठेत, परत उद्यमनगरात. मशीनसकट. रिक्षावाला हसत होता.

माझ्या मते या दुकानात पैसे द्यायचे ते पुढच्या अर्ध्या तासासाठीच. मामांनी रिळाचा तुकडा ट्यूबलाइटखाली तिरका धरला. मग त्याची कड ओल्या ओठाला लावली. जी बाजू ओठाला चिकटते ती मसाल्याची, म्हणजे चित्राची. दुसरी नुसती प्लॅस्टिकची. वडीलही असंच करायचे. मी तसं बोलून गेलो, तर मामांनी पहिल्यांदा मान वर केली. "आपरेटरचा पोरगा व्हय तू?" तिथून पुढं 'तुम्ही' संपलं.

रेघेचा रंग बघून ते जे बोलले ते मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. रंगीत प्रिंटवर रंगांचे थर एकावर एक असतात. सगळ्यात वर किरमिजी, त्याखाली आकाशी, तळाला पिवळा. चरा नुसता वरवरचा असला की किरमिजी तेवढा खरवडला जातो. उरलेला आकाशी आणि पिवळा मिळून पडद्यावर हिरवा दिसतो. आणखी खोल गेला तर पिवळी रेघ. पार प्लॅस्टिकपर्यंत गेला तर पांढरी. आणि रेघ काळी दिसली तर चरा बहुतेक पाठीवर आहे, प्लॅस्टिकच्या बाजूला; तिथं प्रकाश फाकतो आणि चऱ्यात धूळही बसते, म्हणून काळं. म्हणजे माझी हिरवी रेघ सांगत होती की चित्राच्या बाजूला काहीतरी घासतंय, पण हलकं. "अजून दहा शो केलं असतंस तर पिवळी झाली असती."

नंतर त्यांनी रिळाचं तोंड धरलं आणि हातानं मोजत गेले. एक हात, दोन हात, तीन. चौथ्या हाताला रेघ सुरू झाली. त्याआधी स्वच्छ. मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. फिल्म मशीनमध्ये ओवतो तेव्हा पुढचा तुकडा आधीच खालच्या स्पूलपर्यंत पोचलेला असतो. चरा पाडणाऱ्या जागेच्या पुढं गेलेल्या फिल्मला चरा पडतच नाही. खालच्या बाजूला कुठं घासत असतं, तर स्वच्छ तुकडा आखूड राहिला असता. इथं तीन हात स्वच्छ, म्हणजे खोट पार वरती, गेटच्याही आधी. मशीनचं झाकणसुद्धा अजून उघडलेलं नव्हतं.

खात्रीसाठी त्यांनी वाया गेलेली काळी फिल्म मशीनमध्ये ओवली. वरचा स्प्रॉकेट (फिल्म ओढणारं दात्यांचं चाक), गेट, गेटखालचा झटक्यानं फिरणारा स्प्रॉकेट, साउंडचा ड्रम, अशा प्रत्येक ठिकाणी पिवळ्या ग्रीस पेन्सिलनं खूण केली आणि मोटर न लावता हातानं नॉब फिरवून दीड-दोन फूट पुढं काढली. सोडवून परत ट्यूबखाली. पहिल्या खुणेच्याही आधीपासून बारीक रेघ.

चोर होता वरच्या स्पूल बॉक्सच्या तोंडाशी. तिथं आग आत शिरू नये म्हणून रोलरांच्या जोड्या असतात, फिल्म त्यांच्यामधून खाली येते. त्यातला एक रोलर जाम. हे रोलर मधे खोलगट असतात, म्हणजे ते फक्त कडेच्या छिद्रांच्या पट्टीला टेकतात, चित्राला शिवत नाहीत. फिरायचा थांबला की फिल्म त्याच्या कडा घासत राहते, कडा झिजतात आणि एक दिवस मधला भाग चित्राला लागतो. मामांनी माझं बोट धरून त्या रोलरवर फिरवलं. मधे मसाल्याचा खडा वाळून बसला होता, मोहरीच्या निम्म्याएवढा. फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, फुटात १६ फ्रेम. हजार फुटांच्या एका रिळात, अकरा मिनिटांत, त्या खड्यानं सोळा हजार चित्रांवर रेघ ओढली होती.

नवा रोलर शेजारच्या लेथवर कातून घेतला. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा ज्या गावात घडवला, त्या गावात एवढ्याशा रोलरचं कौतुक काय, पण मधली खोली मामा स्वतः कॅलिपर लावून तीनदा तपासून आले. गेटमधला जुना मसाला बांबूच्या कामट्यानं काढला. लोखंड गेटला लावणाऱ्याबद्दल ते जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. आवळलेली स्प्रिंग सैल केल्यावर हलगी थांबली. जास्त ताणानं छिद्रं फाटतात म्हणे, माझ्या दोन रिळांची फाटायला लागलीच होती.

मलाही बोलणी बसली. पडद्यावर तुटक तुटक पाऊस पडल्यासारखं दिसतं तो मशीनचा दोष नाही, माझा. सैल गुंडाळलेलं रीळ मी टोक ओढून घट्ट करायचो. तेव्हा आतले वेढे धुळीसकट एकमेकांवर घासतात. "वडलांनी शिकीवलं न्हाई?" शिकवलं होतं. एका डब्याला तर नुसतं झाकण काढून त्यांनी नाक मुरडलं. व्हिनेगरचा वास. ते रीळ सडायला लागलंय, बाकीच्यांजवळ ठेवलं तर त्यांनाही लागेल, आजच वेगळं कर.

आता तक्रारी. दोन दिवस म्हणाले आणि अकरा लावले. मधे तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा चहा पाजला, मशीन तसंच. बिल मिळत नाही. पडलेली हिरवी रेघ जात नाही, हेही आधी स्पष्ट सांगत नाहीत. निघताना मीच विचारलं तेव्हा म्हणाले, गेलेला रंग कुठनं आणू? पाठीवरचे काळे चरे लॅबमध्ये फिल्म द्रवात भिजवून नवी प्रिंट काढताना झाकता येतात, मसाल्याचे नाहीत. सगळे मिळून २,२०० रुपये झाले, त्यातले चारशे लेथवाल्याचे. तपासायचे वेगळे काही घेतले नाहीत, आणि मला विचाराल तर खरं काम तेच होतं.

परवा नवीन रीळ चारदा चालवून ट्यूबखाली तिरकं धरलं. स्वच्छ आहे.

जाणार असाल तर सकाळी अकरानंतर जा. दीड ते चार कुलूप असतं, सोमवारी बंद. मशीन नंतर नेलं तरी चालेल, आधी चरा पडलेलं रीळ न्या, आणि त्याच्या तोंडाकडचा तुकडा कापून टाकू नका.