‘डिस्क मेली’ हे विक्रेत्याचं उत्तर लगेच मान्य करू नका

जुनी आयडीई (रुंद, चपट्या केबलची जुनी जोडणी) हार्ड डिस्क नव्या मदरबोर्डच्या साटा (बारीक केबलची नवी जोडणी) पोर्टला लावायची म्हणून या दोन्हींना जुळवणारा कन्व्हर्टर मागवला जातो. जाहिरातीत ‘दोन्ही बाजूंनी चालतो’ असं छापलेलं असतं. जोडल्यावर डिस्क फिरते, आवाजही येतो, पण बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर) नाव उमटत नाही. तक्रार केली की उत्तर येतं, ‘तुमची डिस्कच गेलीय.’ खरी फसवणूक इथे आहे. पैसे जातात ते जातात, पण त्या उत्तरावर विश्वास ठेवून लोक घरच्या फोटोंसकट धडधाकट डिस्क भंगारात काढतात.

आयडीईत 16 बिट एकदम समांतर तारांतून जातात, साटात ते एकामागोमाग एक. म्हणून मध्ये चिप हवीच. ती एका वेळी एकाच दिशेने चालते: साटा मदरबोर्डला आयडीई डिस्क, नाहीतर आयडीई मदरबोर्डला साटा डिस्क. दिशा बदलण्यासाठी सहसा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) किंवा बारीक स्विच असतो. फोटोत तो दिसला नाही, तर ‘दोन्ही बाजूंनी’ या दाव्यावर पैसे टाकू नका. चिपच नसलेली पट्टी या कामाला निरुपयोगी. (लॅपटॉप डिस्कच्या 44 पिनांवरून 40 पिनांवर नेणारी पट्टी मात्र बिनचिपचीच असते आणि ती योग्य आहे, कारण तिची दोन्ही टोकं आयडीईच.)

भांडण्याआधी आपली बाजू पक्की करा. एका आयडीई केबलवर दोन डिस्क लागतात, पहिली ‘मास्टर’, दुसरी ‘स्लेव्ह’; डिस्कचा जंपर मास्टरवर हवा. स्लेव्हवर राहिला तर चांगला कन्व्हर्टरही डिस्क ओळखत नाही. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या डिस्कना एकटं चालवायचं असेल तर ‘सिंगल’ मांडणी वेगळी असते, डिस्कवरचा तक्ता वाचा. कन्व्हर्टरच्या छोट्या चार पिनांच्या पॉवर प्लगला जोर लावू नका. उलटा बसला तर 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट जातात आणि सर्किट जळतं. मग विक्रेत्याला आयतंच कारण मिळतं.

त्यानंतर तीच डिस्क यूएसबी-आयडीई केबलवर लावून बघा. 3.5 इंची डिस्कला 12 व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. वेगळा अ‍ॅडॅप्टर हवाच. तिथे डिस्क दिसली, तर त्या स्क्रीनचा, जंपरचा आणि कन्व्हर्टरच्या चिपवरील नंबराचा फोटो काढून परताव्याच्या मागणीसोबत पाठवा. तपासणीच्या नावाखाली डिस्क मागितली, तरी ती हातची सोडू नका.