कर्नलला हात न लावता कार्ड चालवलं: व्हीएफआयओचे आठ महिने

आमचा गाळा अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीत. ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनमध्ये डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक ठिणग्या पडत असतात. त्या पकडणारं यंत्र आम्ही बनवतो. आत आमचंच एफपीजीए (आतलं सर्किट आपण स्वतः ठरवू शकतो अशी चिप) असलेलं कार्ड आहे: चार चॅनल, प्रत्येकी १६ बिट, दर चॅनलला सेकंदाला एक कोटी नमुने. म्हणजे सेकंदाला ८० एमबी, न थांबता. सीपीयूला एकेक आकडा उचलायला लावून हे होत नाही. कार्डाने स्वतःच मेमरीत लिहायला हवं, म्हणजे डीएमए.

आधी यासाठी आम्ही कर्नल मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) बसणारा ड्रायव्हर, वापरत होतो. ज्याने लिहिलं तो मुलगा नोकरी सोडून गेला, आणि लिनक्सचं व्हर्जन बदललं की मॉड्यूल कंपाइल व्हायचं बंद. एक पॉइंटर चुकला की अख्खं मशिन आडवं. बेंचवरचे काका सोल्डरिंग गन खाली न ठेवता विचारायचे, "काय रे, परत झोपलं का?" दिवसातून तीन-चारदा.

गेल्या आठ महिन्यांपासून तेच कार्ड व्हीएफआयओवर चालतंय. ही लिनक्समधलीच सोय, जिच्यामुळे कर्नलमध्ये काही न घालता साधा प्रोग्राम कार्ड चालवू शकतो. इंटरनेटवर याबद्दलचं बहुतेक लिखाण ग्राफिक्स कार्ड व्हर्च्युअल मशिनला देऊन गेम खेळण्याबद्दल आहे. स्वतःच्या कार्डासाठी स्वतःचा प्रोग्राम लिहिणाऱ्याचा अनुभव मराठीत तर मला कुठेच सापडला नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी थोडक्यात कल्पना. लिनक्समध्ये २००७ पासून यूआयओ होतं. त्यात कार्डाचे रजिस्टर (कार्डाला हुकूम द्यायच्या जागा) प्रोग्रामला दिसतात, इंटरप्ट (कार्डाकडून येणारा इशारा) मिळतो, पण डीएमएला लगाम नाही. चुकीचा पत्ता दिलात तर कार्ड मुकाट्याने तिथे लिहिणार, मग ती जागा कर्नलची असो की कुणाची. व्हीएफआयओ २०१२ मध्ये ३.६ कर्नलमध्ये आलं, रेड हॅटच्या अ‍ॅलेक्स विल्यमसन यांच्या हातून. त्याचा सगळा भर आयओएमएमयूवर. हा चिपमधला भाग कार्डाकडून आलेला प्रत्येक पत्ता तपासतो. प्रोग्रामने आधी कर्नलला सांगायचं, "माझी ही मेमरी कार्डाला या पत्त्यावर दिसू दे." तेवढीच नोंद होते. बाकी सगळीकडे दार बंद.

हे दार खरंच बंद असतं का, याची परीक्षा माझ्याच चुकीने पहिल्या आठवड्यात झाली. मी डिस्क्रिप्टरमध्ये (कुठे लिहायचं हे कार्डाला सांगणाऱ्या नोंदीत) कार्डासाठी ठरवलेला पत्ता लिहायचा सोडून प्रोग्रामचा व्हर्च्युअल पत्ता लिहून ठेवला. जुन्या मॉड्यूलमध्ये अशा चुकीचा हिशेब फाइलसिस्टिमला चुकवावा लागला असता. इथे कर्नल लॉगमध्ये डीएमएआर फॉल्टची एक ओळ आली: अमुक डिव्हाइसने अमुक पत्त्यावर लिहायचा प्रयत्न केला, परवानगी नाही. डेटा आला नाही, एवढंच. मशिन चालू, काकांचं गाणं चालू. मी Ctrl-सी दाबून प्रोग्राम बंद केला, ओळ दुरुस्त केली, पुन्हा चालवला. त्या दिवशी मी मनातल्या मनात पैसे वसूल धरले, आणि पैसा तर एकही गेला नव्हता.

दुसरा फायदा आधी लक्षातच आला नव्हता. आमचा बफर चार सेकंदांचा, म्हणजे ३२० एमबी. जुन्या पद्धतीत एवढी सलग मेमरी मशिन चालू होतानाच बाजूला काढून ठेवावी लागायची, नाहीतर विखुरलेले तुकडे कार्डाने स्वतः सांभाळायचे (स्कॅटर-गॅदर). आयओएमएमयू मेमरीची विखुरलेली पानं (४ केबीचे तुकडे) कार्डाला सलग पत्त्यावर दाखवतो, त्यामुळे एफपीजीएमधलं स्कॅटर-गॅदरचं किचकट लॉजिक आम्ही चक्क काढून टाकलं. त्यावर २ एमबीची ह्यूज पेजेस घेतली तर एरवी ८१,९२० पानं लागतील तिथे १६० पुरतात.

आता त्रास. पहिले दोन दिवस डीएमए सुरूच होईना. फॉल्ट नाही, एरर नाही, बफरमध्ये नुसती शून्यं. कारण असं की व्हीएफआयओ कार्ड तुमच्या हाती देताना त्याचा बस मास्टर बिट (स्वतःहून मेमरीत लिहिण्याची परवानगी) बंद करून देतं. कॉन्फिग स्पेसच्या कमांड रजिस्टरमध्ये तो तुम्हीच चालू करायचा. सुरक्षेच्या दृष्टीने अगदी योग्य, पण मला हे कळायला कर्नलचा सोर्स वाचावा लागला. मेमरी लॉकची मर्यादा हा त्याच जातीचा खड्डा. डीएमएसाठी दिलेली मेमरी जागेवर खिळवून ठेवावी लागते, आणि साध्या युजरला तशी मेमरी फार थोडी मिळते: जुन्या कर्नलमध्ये ६४ केबी, अलीकडे ८ एमबी. ३२० मागितले की नकार. लिमिट्सच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवली की सुटतं.

खरं दुखणं मात्र आयओएमएमयू ग्रुपचं. व्हीएफआयओ एकटं कार्ड देत नाही, त्याचा अख्खा ग्रुप देतं. ग्रुप म्हणजे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत अशी डिव्हाइसं. काकांना समजावताना मी आमच्याच इस्टेटचं उदाहरण दिलं. गेटवर वॉचमन आहे, आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक खोक्याचा गेटपास बघतो. पण आपल्या आणि शेजारच्या गाळ्यात प्लायवुडचं पार्टिशन आहे, वरून एक हात मोकळं. तिथून खोकं पलीकडे गेलं तर वॉचमनला पत्ता नाही. पीसीआय एक्स्प्रेसचे काही स्विच आणि चिपसेट असेच: दोन कार्डं वर आयओएमएमयूपर्यंत न जाता आपापसात बोलू शकतात. ते अडवणारी सोय म्हणजे एसीएस. ती नसेल तर कर्नल दोन्ही गाळे एकाच कुलपाखाली धरतो. काका म्हणाले, "मग भिंत वरपर्यंत बांध ना." बांधता येत नाही हो, ती चिपमध्येच असावी लागते.

आमचं पहिलं मशिन लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला सेकंडहँड डेस्कटॉप. त्यात आमचं कार्ड आणि नेटवर्कची चिप एकाच ग्रुपमध्ये. ग्रुपमधल्या एखाद्या डिव्हाइसला दुसरा नेहमीचा ड्रायव्हर लागलेला असेल तर व्हीएफआयओ ग्रुप वापरूच देत नाही. मी रात्री घरून, डोंबिवलीहून, एसएसएचने (नेटवर्कवरून) मशिनमध्ये शिरून ग्रुपमधलं सगळं व्हीएफआयओला बांधून टाकलं. एंटर दाबलं आणि टर्मिनल गप्प. अर्थातच, ज्या नेटवर्क चिपवरून मी आत शिरलो होतो तीच मी काढून घेतली होती. दुसऱ्या सकाळी गर्दीत चेंगरत घाटकोपर, तिथून मेट्रो, आणि गाळ्यावर जाऊन मॉनिटर लावला. शेठना कारण सांगितलं नाही.

एसीएस असल्याचं खोटंच भासवणारा एक पॅच फिरतो. तो मुख्य कर्नलमध्ये घेतलेला नाही, आणि ते बरोबरच आहे. प्लायवुडच्या पार्टिशनवर विटांचं चित्र असलेला कागद चिकटवण्यातला प्रकार. घरच्या गेमिंगला ठीक असेल, ग्राहकाकडे जाणाऱ्या मशिनमध्ये मी तो घालणार नाही. आम्ही शेवटी असं मशिन घेतलं ज्याचा स्लॉट थेट सीपीयूला जोडलेला आणि ग्रुप स्वतंत्र. विकत घेण्याआधी दुकानात पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, बायोसमध्ये आयओएमएमयू चालू केला आणि ग्रुपची यादी बघितली. दुकानदार वैतागला, पण हे करा. आणि ग्रुपचा नंबर स्क्रिप्टमध्ये ठोकून ठेवू नका. नवीन कार्ड लावल्यावर आमचा १४ चा १६ झाला आणि अर्धा दिवस गेला. कार्डाच्या पत्त्यावरून ग्रुप शोधायचा.

इंटरप्टबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. ते इव्हेंटएफडीवर येतात, साधी फाइल वाचल्यासारखं. आम्ही मेन्सच्या (विजेच्या) प्रत्येक सायकलला, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एक इंटरप्ट घेतो. मायक्रोसेकंदांचा हिशेब असणाऱ्यांना प्रोग्राम जागा होण्याचा वेळ खटकेल; त्यांनी इंटरप्टची वाट न बघता पोलिंग करावं, म्हणजे कार्डाकडे सतत बघत राहावं; नेटवर्कचा डेटा वेगाने हाताळणारे डीपीडीकेवाले तेच करतात.

रिसेटकडे मात्र लक्ष द्या. प्रोग्राम मेला की कर्नल मेमरीची नोंद (मॅपिंग) काढतो आणि कार्ड रिसेट करायचा प्रयत्न करतो. आमच्या कार्डात फंक्शन लेव्हल रिसेटची (फक्त कार्ड नव्याने सुरू करण्याची) सोय नव्हती. मशिन सुरक्षित राहायचं, पण कार्ड अर्ध्यातच अडकलेलं. स्विच बंद करून चालू करणं आलंच. एफपीजीएमध्ये ती सोय टाकल्यावर हे थांबलं. आयओएमएमयू मशिनला कार्डापासून वाचवतो, कार्डाला तुमच्या प्रोग्रामपासून नाही. कार्डावर फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) असेल आणि ती रजिस्टरमधून पुसता येत असेल, तर साधा युजरही ती पुसू शकतो. आमच्याकडे ते लिहिणं आता जंपर लावल्याशिवाय होत नाही.

२०२३ मध्ये ६.२ कर्नलबरोबर आयओएमएमयूएफडी नावाची नवी व्यवस्था आली, आणि त्याच वर्षी ६.६ पासून ग्रुपऐवजी थेट डिव्हाइसची फाइल उघडता येते. मी अजून तिकडे गेलेलो नाही. चालतंय ते मोडायला सध्या सवड नाही.

गेल्या महिन्यात शेठनी विचारलं, आता ते जुनं मॉड्यूल टाकून देऊ का? नाही म्हटलं. एका जुन्या ग्राहकाच्या मशिनमध्ये आयओएमएमयूच नाही. व्हीएफआयओचा आयओएमएमयूशिवायचा मोडही आहे, पण तो चालू करताना कर्नलच्या पर्यायाच्या नावातच 'असुरक्षित' हा शब्द आहे, आणि वापरल्यावर कर्नल स्वतःवर डाग लागल्याची नोंद करतो. मग जुनं मॉड्यूल काय वाईट? त्या एका मशिनसाठी ते मी अजून दर अपडेटला दुरुस्त करतो, आणि दुरुस्त करताना काकांना आधीच सांगून ठेवतो.