रिकव्हरिन घ्यायचंय? टॅगवालं साधं की मायरिस्टॉइलवालं, आधी प्रयोग ठरवा

रेटिनातलं रिकव्हरिन हे प्रोटीन प्रयोगासाठी मागवायचं ठरलं की समोर दोन प्रकार येतात, एक हिस-टॅगवालं (शुद्ध करायला सोपं जावं म्हणून हिस्टिडिनची खूण जोडलेलं) साधं आणि दुसरं मायरिस्टॉइलेटेड, म्हणजे मायरिस्टॉइल हे फॅटी ॲसिड जोडलेलं, आणि दुसऱ्याची किंमत बघून बरेच जण पहिल्याकडे वळतात. माझं म्हणणं एवढंच की किंमत नंतर बघा, आधी तुम्ही त्याच्याकडून काय काम करून घेणार ते ठरवा, कारण जीन एकच असला तरी ट्यूबमध्ये ही दोन्ही वेगळी वागतात.

हे साधारण 23 किलोडाल्टनचं प्रोटीन, 1991 पासून माहितीतलं, रेटिनाच्या उजेड टिपणाऱ्या रॉड आणि कोन पेशींमध्ये असतं. अंधारात पेशीत कॅल्शियम जास्त असतं तेव्हा ते रोडॉप्सिन कायनेझला (उजेड टिपणाऱ्या रोडॉप्सिनवर फॉस्फेट बसवणाऱ्या एन्झाइमला) अडवून धरतं, उजेड पडला की कॅल्शियम घसरतं आणि कायनेझ मोकळं होतं. ईएफ-हँड, म्हणजे कॅल्शियम धरायच्या घड्या, चार, पण कॅल्शियम धरतात फक्त दुसरा आणि तिसरा. खरी गंमत सुरुवातीच्या ग्लायसिनला शेपटीसारख्या चिकटलेल्या या फॅटी ॲसिडमध्ये आहे, कॅल्शियम नसताना ते प्रोटीनच्या पोटात दडून बसतं, कॅल्शियम बसलं की बाहेर येऊन मेम्ब्रेनमध्ये रुततं.

आता ज्या बॅक्टेरियात हे प्रोटीन बनवतात त्या ई. कोलायकडे हे फॅटी ॲसिड जोडणारं एन्झाइमच नाही, म्हणून साधं रिकॉम्बिनंट म्हणजे शेपटीशिवायचं. शेपटी हवी तर यीस्टचं मायरिस्टॉइल ट्रान्सफरेज सोबत एक्सप्रेस करावं लागतं आणि मीडियात मायरिस्टिक ॲसिड टाकावं लागतं, म्हणून ते महाग. आणि हे नीट लक्षात घ्या, ग्लायसिन अगदी टोकाला मोकळं असावं लागतं, त्यामुळे एन-टर्मिनलला (सुरुवातीच्या टोकाला) टॅग असेल तर मायरिस्टॉइल बसूच शकत नाही, टॅग हवाच असेल तर सी-टर्मिनलला (शेवटच्या टोकाला).

फरक आकड्यात बघा. शेपटीशिवायच्या रिकव्हरिनच्या दोन जागा आपापल्या कॅल्शियम धरतात, एक सुमारे 0.11 मायक्रोमोलरला, दुसरी 6.9 ला. मायरिस्टॉइलेटेडमध्ये दोन्ही जागा मिळून काम करतात, अर्धी भर 17 मायक्रोमोलरच्या आसपास आणि हिल कोइफिशंट (जागा एकमेकींना किती साथ देतात त्याचं माप) 1.75. पेशीत मुक्त कॅल्शियम तर एक मायक्रोमोलरच्याही खाली असतं, मग 17 ला हे चालतं कसं असा प्रश्न पडतोच, तर मेम्ब्रेन आणि कायनेझ जवळ असले की कॅल्शियमवरची पकड घट्ट होते. म्हणजे साध्या प्रोटीनचा टायट्रेशन कर्व्ह (थोडंथोडं कॅल्शियम घालून काढलेला आलेख) रेटिनाचा म्हणून पेपरात टाकायचा नाही.

मी स्वतः लायपोसोम सेडिमेंटेशनला (मेम्ब्रेनचे कृत्रिम फुगे खाली बसवून त्यांना प्रोटीन चिकटलं का ते बघायला) एन-टर्मिनल टॅगवालं वापरलं होतं, कॅल्शियम घातलं तरी प्रोटीन वरच्या पाण्यातच, मला वाटलं लायपोसोमच बिघडलेत म्हणून तीनदा नवीन केले, महिना गेला, नंतर कळलं की रुतायला शेपटीच नव्हती. तुमचा महिना वाचावा म्हणून हे लिहितोय.

तर मेम्ब्रेन बाइंडिंग, शेपटी आत-बाहेर होण्याचा स्विच, कॅल्शियम टायट्रेशन, यांना मायरिस्टॉइलवालंच. कायनेझ अडवणं साध्यानेही होतं, पण कॅल्शियमला मिळणारा प्रतिसाद वेगळा येतो, त्यामुळे फक्त होतं की नाही एवढंच बघायचं असेल तर साधं चालेल. वेस्टर्नचा कंट्रोल, अँटिबॉडी तयार करणं, कॅन्सरशी जोडलेल्या रेटिनोपथीत रुग्णाच्या सीरममधल्या ऑटोअँटिबॉडी (स्वतःच्याच प्रोटीनविरुद्धच्या) एलायझा चाचणीत शोधणं, इथे साधंच घ्या, जास्त पैसे कशाला. फक्त प्राण्यांना टोचणार असाल तर एंडोटॉक्सिनचा (बॅक्टेरियातून येणाऱ्या विषारी पदार्थाचा) आकडा विचारा.

विकत घेताना मास स्पेक्ट्रमही मागा, मायरिस्टॉइल बसलं असेल तर वस्तुमान 210 डाल्टनने वाढलेलं दिसतं, नुसतं जेलचं चित्र बघून समाधान मानू नका. स्वतः बनवणार असाल तर बिनटॅगचं बनवा, कॅल्शियममध्ये फिनाइल सेफॅरोज या कॉलमच्या मटेरियलला चिकटवायचं आणि ईजीटीएने (कॅल्शियम पकडून घेणाऱ्या रसायनाने) सोडवायचं, छान शुद्ध मिळतं. हिस-टॅग पकडणारा निकेल कॉलम वापरणाऱ्यांनी मात्र ईजीटीए कॉलमवर नेऊ नये, निकेलच निघून येतं. एकच सिस्टीन आहे आणि ते पटकन ऑक्सिडाइझ होतं, त्यामुळे साठवताना ऑक्सिडेशन रोखणारं डीटीटी ठेवा. आणि काचेच्या भांड्यांतूनही कॅल्शियम येतं, बफर चेलेक्सवरून (कॅल्शियम काढून घेणाऱ्या रेझिनवरून) काढून प्लास्टिकमध्येच ठेवा, नाहीतर शून्य कॅल्शियमवाली ट्यूब शून्य राहतच नाही.

रेटिनातलंच दुसरं कॅल्शियम धरणारं प्रोटीन जीकॅप-1 घ्यायचा विचार असेल तर ते उलट्या दिशेचं आहे, कॅल्शियम कमी झालं की ग्वानिलेट सायक्लेजला चालना देतं, आणि यीस्टच्या एन्झाइमला ते पटावं म्हणून सुरुवातीजवळचं एक अमिनो ॲसिड बदलून सेरिन करतात, तेव्हा ऑर्डर देताना सीक्वेन्स वाचूनच घ्या.