सिमेंटचं गटार की रेन गार्डन?

कोल्हापुरात पाऊस लागला की छपराचं नि अंगणाचं पाणी गटारात जातं, तिथून नाल्यात आणि शेवटी पंचगंगेत. रस्त्यावरचं ऑईल, कचरा, माती सोबतच. गटाराचं काम पाणी झटकन पुढं ढकलणं. पेठांतल्या अरुंद बोळांत त्याला पर्याय नाही.

रेन गार्डन म्हणजे वीतभर खोल, पसरट, झाडं लावलेला खड्डा. १००० चौरस फुटांच्या छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तरी सुमारे २३०० लिटर पाणी होतं! ते इथं थांबतं, गाळ वरच राहतो, पाणी मुळांशी मुरतं. वाळा, कर्दळ छान तग धरतात. डासांची भीती सगळेच घालतात, पण पाणी एक-दोन दिवसांत मुरलं तर अळ्यांना वाढायला वेळच मिळत नाही.

खरी अडचण काळ्या चिकट मातीची. आधी फूटभर खड्डा खणून पाणी भरा. दुसऱ्या दिवशीही ते तसंच असेल, तर वाळू आणि कंपोस्ट घाला किंवा जागा बदला. घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब.

२०१९ सारखा महापूर आला, तर मात्र दोन्ही उपाय तोकडेच.

माझा कौल रेन गार्डनला, पण गटार बुजवून नव्हे. प्रत्येक प्रभागात शाळेच्या आवारात एक नमुना करा, भर पावसात लोकांना पाणी मुरताना बघू द्या, आणि जादा पाण्याची वाट गटारालाच जोडा.