क्रूझवर लहान मूल नेताना: किड्स क्लब, ताशी नर्सरी की सोबत आजी?

सांगली-साताऱ्यात क्रूझची चौकशी करायला गेलेल्या जोडप्याला एजंट हमखास ऐकवतो, "मुलांचं टेन्शन घेऊ नका, वर किड्स क्लब फ्री आहे." हे खोटं नाही, पण अर्धवट आहे. क्लब म्हणजे मुलांना खेळवत सांभाळणारी जहाजावरची जागा, आणि ती फुकट असते ती साधारण 3 वर्षं पूर्ण झालेल्या आणि डायपर सुटलेल्या मुलांसाठी. त्याहून लहान बाळासाठी बऱ्याच जहाजांवर काहीच सोय नसते, आणि असलीच तर तासाला पैसे मोजून. त्यामुळे जहाज कुठलं आणि केबिन कुठली हे नंतर. जहाज सुटायच्या तारखेला मूल किती महिन्यांचं असेल आणि शी-शू स्वतः सांभाळतं का, यावर निम्मा निर्णय होतो.

वयाप्रमाणे काय मिळतं

6 महिन्यांच्या आतल्या बाळाला बहुतेक कंपन्या जहाजावरच घेत नाहीत. सलग बरेच दिवस किनारा न लागणाऱ्या लांबच्या फेऱ्यांना ही अट 12 महिन्यांची असते.

6 महिने ते 3 वर्षं हा खरा अडचणीचा काळ. रॉयल कॅरिबियनच्या काही जहाजांवर 6 ते 36 महिन्यांच्या बाळांसाठी ताशी दराची नर्सरी असते. सगळ्या जहाजांवर नसते, म्हणून कंपनीचं नाही, जहाजाचं नाव घेऊन विचारायचं. डिस्नेच्या जहाजांवर याच वयासाठी नर्सरी असते. अमेरिकेतून सुटणाऱ्या त्यांच्या जहाजांवर दर पहिल्या मुलाला तासाला 9 डॉलर आणि त्याच्या भावंडाला 8 डॉलर असा राहिला आहे. म्हणजे 3 रात्री रोज 2 तास ठेवलं तर एका बाळाचे 54 डॉलर. फार नाहीत, पण अडचण पैशांची नसून जागेची आहे. नर्सरीत बाळं मोजकीच घेतात आणि संध्याकाळी जेवणाच्या वेळचे तास सगळ्यात आधी भरतात. जहाजावर चढल्यावर बघू म्हणणाऱ्यांच्या वाट्याला दुपारी 2 ते 4 येतं, म्हणजे जेव्हा बाळ केबिनमध्येही झोपलेलंच असतं.

नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर 3 वर्षांच्या आतल्यांचा खेळगट आहे, पण तिथे आईबापांपैकी एकाला बाळाजवळ बसावं लागतं. ही करमणूक झाली, सांभाळणं नव्हे. कार्निव्हल कंपनी मात्र 2 वर्षांपासून मूल ठेवून घेते आणि डायपरही बदलते. मुलगा-सून अमेरिकेत आहेत, नातवाला घेऊन तिकडूनच फिरायचं आहे, अशा घरांनी हे ध्यानात ठेवावं; मुंबई किंवा सिंगापूरहून जाणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही.

3 वर्षांच्या पुढे रॉयल कॅरिबियन, डिस्ने, नॉर्वेजियन सगळीकडे क्लब भाड्यातच धरलेला असतो. रॉयल कॅरिबियनवर रात्री 10 नंतर ताशी आकार सुरू होतो. वय बहुधा जहाज सुटायच्या दिवशीचं धरतात. मूल दिवाळीच्या सुट्टीत 2 वर्षं 11 महिन्यांचं होत असेल तर सहल जानेवारीत ढकलावी. त्या दोन महिन्यांत ताशी बिल शून्यावर येतं.

डायपर सुटलं म्हणजे नेमकं काय

क्लबच्या भाषेत डायपर सुटणं म्हणजे मूल स्वतः सांगतं, स्वतः जातं, चड्डी स्वतः खाली-वर करतं आणि स्वतः स्वच्छ होतं. पुलअप चड्डी चालत नाही. बहुतेक ठिकाणी कर्मचारी मुलाला धुऊन देत नाहीत, तसा नियमच असतो.

आपली मुलं अडतात ती इथेच. घरी 3 वर्षांचं पोर शी झाली की "आई, झालीऽ" अशी हाक मारून बसून राहतं आणि कुणीतरी जाऊन धुतं. क्लबच्या संडासात जेट नसतो, पाण्याचा मग नसतो, फक्त कागद असतो. मूल गोंधळतं, तसंच उठतं आणि चड्डी खराब होते. मग तुम्हाला फोन येतो. असं पुन्हा झालं तर काही जहाजांवर मुलाला उरलेल्या फेरीत क्लबमध्ये घेत नाहीत. निघण्याआधी किमान 3-4 आठवडे घरी ओल्या आणि कोरड्या कागदाने पुसायची सवय लावा. नाडीच्या किंवा बटणाच्या चड्ड्या घरीच ठेवा, इलॅस्टिकच्या घ्या. शेवटचं म्हणजे "शू", "शी" हे शब्द क्लबमधल्या फिलिपिन्सच्या ताईला कळत नाहीत. "टॉयलेट" हा एक शब्द आणि पोटावर हात ठेवायची खूण, एवढं पक्कं झालं तरी भागतं.

पोहण्याच्या तलावाचंही तसंच. डायपर लावलेल्या बाळाला, डायपर पोहण्याचा असला तरी, मोठ्या तलावात उतरवू देत नाहीत. काही जहाजांवर अशा बाळांसाठी वेगळे पाण्याचे फवारे असतात, बाकीच्या ठिकाणी केबिनमधल्या शॉवरवर समाधान मानायचं.

मुंबईहून की सिंगापूरहून

मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज 2021 पासून चालतं. जहाज मूळचं 1990 चं. गोव्याच्या 2-3 रात्रींच्या फेऱ्या आणि लक्षद्वीप ही त्याची मुख्य वाट. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की ते चेन्नईकडे जातं. देशांतर्गत फेरीला पासपोर्ट लागत नाही, ओळखपत्रावर काम होतं. मुलांच्या विभागात हिंदी चालते, आणि सांगलीच्या बालवाडीतल्या मुलाला कार्टून बघून हिंदी येतच असते. शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. मुलांच्या विभागाची वयोमर्यादा आणि मूल एकटं ठेवता येतं का, हे दोन प्रश्न मात्र बुकिंगच्या वेळी लेखी विचारून घ्या. फक्त "अॅक्टिव्हिटीज आहेत" असं उत्तर आलं, तर मूल सांभाळणार नाहीत असं धरून चाला.

या फेरीची खरी अडचण तिच्या लांबीत आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसने मिरज, सांगली, कराड किंवा साताऱ्याहून निघालात तर सकाळी सीएसएमटीला उतरता. जहाज लागतं तो बॅलार्ड पिअरचा धक्का तिथून दीड-दोन किलोमीटरवर, आणि जहाजावर चढणं दुपारी. मधले पाच-सहा तास बॅगा आणि चिडलेलं मूल सांभाळायचं. संध्याकाळी क्लब उघडतो तेव्हा मूल झोपेला आलेलं असतं. अनोळखी जागेत रुळायला 3-4 वर्षांच्या मुलाला एक दिवस लागतो. 2 रात्रींच्या फेरीत ते रुळतं तोवर बॅगा भरायची वेळ होते. क्लबच्या भरवशावर 2 रात्रींची फेरी घेणं मला तरी पटत नाही. मजा म्हणून जरूर घ्या, पण पोर आपणच सांभाळायचं या हिशेबाने.

सिंगापूरहून पर्याय जास्त आहेत: रॉयल कॅरिबियनची मोठी जहाजं, भारतीय जेवणाची चांगली व्यवस्था असलेलं जेंटिंग ड्रीम, आणि डिस्नेने खास सिंगापूरसाठी ठेवलेलं डिस्ने अॅडव्हेंचर. क्लब मोठे असतात, काही जहाजांवर 3 ते 5 वर्षांच्या मुलांचा गट वेगळा असतो, मनगटावर पट्टा बांधून मूल कुठे आहे याची नोंद ठेवतात. पण विमान, व्हिसा, पासपोर्ट हा खर्च वेगळा. जहाज मलेशियाला लागून परत येत असेल तर सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा हवा. भाषा इंग्रजी. मूल साडेचार-पाचचं असेल आणि फेरी 4 रात्रींची असेल तर हा खर्च वसूल होतो. 3 वर्षांच्या, फक्त मराठी बोलणाऱ्या मुलासाठी मुंबईची फेरी बरी.

आजीला न्यायचं का

खरी तुलना क्लब आणि नर्सरीत नाहीच, ती क्लब आणि आजीत आहे. बाळ 3 वर्षांच्या आतलं असेल तर आजी सरस, यात वाद नको. भाषा तीच, भरवायची पद्धत तीच, आणि रात्री बाळ उठलं तर फोनची वाट बघावी लागत नाही.

पण हिशेब करा. केबिनचं भाडं दोन माणसांवर बेतलेलं असतं. त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला बहुधा कमी भाडं पडतं. आईबाप, एकटी आजी आणि बाळ असे चौघं एका केबिनमध्ये बसत असाल तर खर्च आटोक्यात राहतो. फक्त तिसरा-चौथा पलंग भिंतीतून किंवा छतातून उघडणारा असतो आणि शिडीने चढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या बाईला तिथे पाठवू नका; खाली आजी-बाळ, वर जावईबापू किंवा लेक. आजोबाही आले की दुसरी केबिन, म्हणजे भाडं जवळजवळ दुप्पट, आणि त्या पैशांत नर्सरीचे कितीतरी तास येतात. शिवाय आजीही पहिल्यांदाच जहाज बघणार असते. रोज संध्याकाळी तिला केबिनमध्ये बसवून आपण शो बघायचा ठरवला असेल तर ते तिला निघण्याआधी स्पष्ट सांगा, तिकीट काढल्यावर नाही.

मूल 4-5 वर्षांचं असेल तर दोन्ही सोयी मिळून उत्तम जमतं: सकाळी 2 तास क्लब, बाकी आजी. तेव्हा एक चूक टाळा. नोंदणीच्या फॉर्मवर मुलाला घेऊन जायला कोणाला परवानगी आहे ती नावं लिहायची असतात. तिथे फक्त आईबापांची नावं लिहिली आणि आजी आणायला गेली, तर क्लब मूल देत नाही. आजी दारात, नातू आत रडतोय आणि दोघांनाही कारण कळत नाही. आजीचं नाव पासपोर्टवर किंवा ओळखपत्रावर आहे तसंच लिहा.

फॉर्म, फोन आणि आजारपण

फॉर्मवर मुलाचं घरातलं नावही लिहा. पट्ट्यावर "अद्वैत" छापलेलं असतं आणि पोर "सोन्या" म्हटल्याशिवाय वळून बघत नाही. अॅलर्जी, फिट्स, दमा न लपवता लिहा. क्लबचे कर्मचारी सहसा औषध देत नाहीत, त्यामुळे दुपारचा डोस असेल तर तेव्हा मूल तुमच्याजवळ हवं. पहिल्या संध्याकाळी बहुधा क्लब बघायला पालकांना आत सोडतात. मूल दमलेलं असलं तरी तेव्हा 15 मिनिटं त्याच्यासोबत जाऊन या. दुसऱ्या दिवशी ठेवताना तासाभरापासून सुरुवात करा.

मूल रडायला लागलं की क्लब बोलावतो. कसं बोलावतो हे आधी विचारा: छोटा फोन देतात, केबिनला फोन करतात, की जहाजाच्या अॅपवर निरोप येतो? बरेच जण समुद्रातल्या महागड्या रोमिंगला घाबरून मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकतात. ते बरोबरच आहे, पण नंतर जहाजाचं वायफाय जोडायचं राहिलं तर अॅपवरचा निरोप तुम्हाला मिळत नाही.

खाण्याचं म्हणाल तर केबिनमध्ये इलेक्ट्रिक किटली, कुकर, इंडक्शन काहीही चालत नाही; तपासणीत काढून घेतात. घरचं शिजवलेलं अन्नही बहुतेक जहाजांवर नेता येत नाही. बंद पाकिटातलं नाचणी सत्त्व, मेतकूट, दुधाची पावडर न्या. गरम पाणी आणि साधा भात बुफेवर मागितला की मिळतो. क्लबमध्ये जेवण देतात की नाही हे जहाजागणिक बदलतं, आणि जिथे देत नाहीत तिथे जेवणाच्या वेळी क्लब बंद असतो.

उलटी किंवा जुलाब झालेल्या मुलाला क्लबमध्ये घेत नाहीत. लक्षणं थांबल्यावरही 24 ते 48 तास थांबवतात, आणि 3 रात्रींच्या फेरीत ते म्हणजे जवळजवळ सगळी फेरी. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरस या उलटी-जुलाबाच्या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण आणि पाणीच लागतं; क्लबमधून बाहेर आल्यावर आणि बुफेला जाण्याआधी मुलाचे हात धुवा. नर्सरीचे तास आधी घेऊन ठेवले असतील तर आजारपणात ते किती वेळ आधी रद्द केले तर पैसे लागत नाहीत, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.