तंबोऱ्याच्या दुकानाचं डोमेन हलवलं, त्याला नऊ महिने झाले

दुकान माझं नाही, चाचांचं आहे. नात्याने ते माझे कोणी लागत नाहीत. पण मिरजेत त्यांच्या दुकानापासून चार दारांवर आमचं घर, आणि मला कॉम्प्युटरमधलं कळतं अशी एकदा गल्लीत हवा झाली ती झालीच. तेव्हापासून वेबसाइटची किल्ली माझ्याकडे. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचं डॉट कॉम डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, एका मोठ्या कंपनीकडून (तिचं नाव मुद्दाम घेत नाही) क्लाउडफ्लेअर या दुसऱ्या कंपनीकडे हलवलं. आता सप्टेंबर २०२५. एवढ्या दिवसांत काय बरं झालं आणि कुठे माझीच माती झाली, ते लिहितोय.

निमित्त बिलाचं. २०११ साली पहिल्या वर्षी ९९ रुपयांत मिळालेलं डोमेन. गेल्या वर्षी नूतनीकरणाचा मेल आला त्यात डोमेनचे १,४९९, 'प्रायव्हसी'चे, म्हणजे मालकाचा नाव-पत्ता झाकायचे, ५९९ आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,४७६ रुपये. आता सगळ्या डॉट कॉमची वही सांभाळते व्हेरिसाइन, आणि ती सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक रजिस्ट्रारकडून, म्हणजे आपल्याला डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून, दर डोमेनमागे वर्षाला १०.२६ डॉलर घेते. त्यावर आयकॅनचे (जगभरच्या डोमेनचे नियम ठरवणारी संस्था) तेव्हा १८ सेंट होते. बाकी सगळा मधल्या दुकानदाराचा नफा. क्लाउडफ्लेअर हा नफा घेत नाही, घाऊक दरातच डोमेन देते. मला कार्डावर १०.४४ डॉलर पडले, बँकेचं परकीय चलनाचं शुल्क धरून ९२० रुपयांच्या आसपास. नाव-पत्ता झाकायचे वेगळे पैसे नाहीत.

चाचांना हे सांगितलं. भोपळ्यावर पॉलिश मारता मारता म्हणाले, "मग कर की बाळ. त्यात विचारायचं काय?"

विचारायचं बरंच होतं. जुन्या कंपनीच्या पॅनलमध्ये जाऊन 'रजिस्ट्रंट', म्हणजे डोमेनचा मालक, म्हणून कोणाचं नाव आहे ते पाहिलं, तर ते ज्या मुलाने २०११ साली साइट बनवून दिली त्याचं. पत्ता त्याचा, फोन त्याचा, ईमेल त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला. तेरा वर्षं पैसे चाचा भरतायत आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं! मुलगा सज्जन, आता पुण्यात नोकरीला आहे, फोन केला तर तोच ओशाळला. पण तो जुना ईमेल कधीच बंद पडला होता, आणि जुन्या कंपनीचा नियम असा की ट्रान्स्फरचा ऑथ कोड (डोमेन हलवायला लागणारा गुप्त शब्द) पॅनलवर दिसणार नाही, रजिस्ट्रंटच्या ईमेलवरच जाणार. म्हणजे कोड जाणार एका मेलेल्या पत्त्यावर.

तुमच्याकडे डोमेन असेल तर हे वाचता वाचताच दुसऱ्या टॅबमध्ये पॅनल उघडा आणि कोणाचं नाव, कोणता ईमेल आहे ते बघा. ट्रान्स्फर करायचं नसलं तरी बघा.

मग ईमेल बदलायचा अर्ज. चाचांचं पॅन कार्ड, दुकानाचा परवाना, त्या मुलाचं सहीचं पत्र. दोनदा कागद परत आले, एकदा तर 'सही अस्पष्ट' म्हणून. शेवटी ९ ऑक्टोबरला बदल मंजूर झाला आणि मी मोठ्या उत्साहाने डोमेन हलवू न देणारा लॉक उघडायला गेलो, तर समोर ६० दिवसांचा नवा लॉक.

हा आयकॅनचा नियम, डिसेंबर २०१६ पासूनचा. रजिस्ट्रंटचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला की ६० दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. चोराने खातं फोडून नाव बदललं आणि डोमेन पळवलं, असं होऊ नये म्हणून. नवं डोमेन घेतल्यावर किंवा एकदा हलवल्यावरही ६० दिवस थांबावं लागतं. नियम चांगला आहे. चिडलो ते एवढ्यासाठी की बदलाच्या फॉर्मच्या अगदी तळाला एक चौकोन होता, 'हा लॉक नको असल्यास येथे खूण करा'. रजिस्ट्रार ही मुभा देऊ शकतो, पण खूण बदल करण्याआधीच करावी लागते, नंतर नाही. मी तो फॉर्म तीनदा भरला होता आणि तिन्ही वेळा त्या चौकोनावरून डोळे फिरवून पुढे गेलो होतो.

ज्यांचा जुना ईमेल चालू आहे त्यांनी उलट क्रमाने जावं. आधी डोमेन हलवा, नाव-पत्ता नंतर नव्या जागी बदला. मला ती सोय नव्हती.

मुदत संपत होती १९ जानेवारी २०२५ ला, लॉक उघडणार होता ८ डिसेंबरला. मध्ये सहा आठवडे मोकळे, म्हणून जिवात जीव. मुदत संपल्यावर जुन्या कंपनीत पैसे भरायचे आणि त्यानंतर ४५ दिवसांच्या आत डोमेन हलवायचं, असं केलं तर भरलेलं ते वर्ष मुदतीत धरलं जात नाही. दोन्हीकडे पैसे जातात आणि वाढतं एकच वर्ष. तेव्हा हलवायचं ते मुदतीच्या महिनाभर आधी तरी.

लॉक असला तरी नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी जिथे ठेवलेल्या असतात ते सर्व्हर, बदलता येतात. क्लाउडफ्लेअरची अट अशी की डोमेन त्यांच्याकडे ठेवायचं तर नेमसर्व्हरही त्यांचेच हवेत. तेव्हा म्हटलं, ट्रान्स्फरची वाट बघत बसण्यापेक्षा हे काम आधी उरकू. आणि इथे माती खाल्ली.

डोमेन, डीएनएस (साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगणारी नोंदवही), होस्टिंग (साइट ठेवायची जागा) आणि ईमेल ही चार वेगळी बिऱ्हाडं आहेत हे मला माहीत होतं. दुकानाचं होस्टिंग आणि मेल सांगलीच्या एका छोट्या सेवादाराकडे, डोमेन आणि डीएनएस जुन्या कंपनीकडे. डोमेनचा रजिस्ट्रार बदलल्याने साइट बंद पडत नाही. बंद पडते ती डीएनएसच्या नोंदी नव्या घरी नीट मांडल्या नाहीत तर. हे मी चाचांना समजावूनही सांगितलं होतं, तंबोऱ्याच्या चार तारांचं उदाहरण देऊन वगैरे. (ते त्यांना पटलं नाही. "तारा एकाच घोडीवरून जातात," म्हणाले. बरोबरच होतं.)

२९ नोव्हेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, नेमसर्व्हर बदलले. क्लाउडफ्लेअर जुन्या नोंदी स्वतः शोधून यादी मांडते आणि सांगते की यादी तपासून घ्या. मी वरवर तपासली. प्रत्येक नोंदीपुढे एक छोटा ढग असतो. नारिंगी असेल तर येणारी माणसं क्लाउडफ्लेअरमार्गे जातात, करडा असेल तर थेट तुमच्या सर्व्हरवर. नारिंगी म्हणजे साइट वेगवान आणि सुरक्षित, एवढंच डोक्यात, म्हणून सगळे ढग नारिंगी ठेवले. त्यात 'मेल' या नावाची नोंदही होती.

ती साइटची नोंद नाही. चाचांच्या फोनमधलं मेलचं ॲप त्याच नावाने सर्व्हर शोधतं. नारिंगी ढग वेबची वाहतूक पुढे पाठवतो, मेलची नाही. शनिवारी सकाळी साइट झकास उघडत होती आणि मी खूश. सोमवारी दुपारी चाचा दारात. "बाळ, दोन दिवसांत एक पत्र नाही." डिसेंबर म्हणजे मैफलींचा हंगाम, त्यात २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळाल्यापासून बाहेरून विचारणा वाढलेली. दोन दिवस शांत राहणं शक्यच नव्हतं. लॅपटॉप त्यांच्या दुकानातच उघडला, छताला टांगलेल्या भोपळ्यांखाली, मांडीवर लाकडाचा भुसा. कारण सापडायला चाळीस मिनिटं गेली आणि दुरुस्तीला एक क्लिक. ढग करडा केला, पाच मिनिटांत फोन टिंगटिंग करायला लागला. एकोणीस पत्रं. पत्रं सर्व्हरवर येऊन पडली होती, फोनपर्यंतच पोचत नव्हती, म्हणून एकही हरवलं नाही. माझी अब्रू त्यावर वाचली.

वाचली असं वाटलं. काही दिवसांनी नेदरलँड्सच्या एका गिऱ्हाईकाने कळवलं की तुमचं दरपत्रक स्पॅममध्ये सापडलं. डीकेआयएमची नोंद म्हणजे मेलवरची सही खरी आहे का ते तपासायची किल्ली. ती एक लांबलचक अक्षरमाळ असते, आणि जुन्या पॅनलमध्ये ती दोन ओळींत तोडून दाखवली होती. मी पहिली ओळच उचलली होती. तेव्हा नोंदी उतरवताना प्रत्येकीची शेवटची दहा अक्षरं जुन्या-नव्याशी जुळवून बघा, नुसती संख्या मोजू नका. डीएनएसएसईसी (डीएनएसच्या नोंदींवरची सही) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलायच्या आधी ते जुन्या जागी बंद करून थांबा, नाहीतर साइटच उघडेनाशी होते. आमच्याकडे ते नव्हतंच. आणि हे काम शुक्रवारी संध्याकाळी करू नका. डॉट कॉमच्या नेमसर्व्हरची माहिती जगभरच्या सर्व्हरांकडे ४८ तासांपर्यंत साठलेली राहू शकते, म्हणजे तुमचा गोंधळ अर्ध्या जगाला शनिवारी दिसतो आणि उरलेल्याला रविवारी.

एवढं रामायण झाल्यावर प्रत्यक्ष ट्रान्स्फर म्हणजे अगदीच मामुली निघालं. १० डिसेंबर, मंगळवार. जुन्या पॅनलमध्ये लॉक काढला. आयकॅनच्या लुकअप पानावर 'क्लायंट ट्रान्स्फर प्रोहिबिटेड' ही ओळ गेलेली दिसली. ऑथ कोड मागितला, यावेळी तो चाचांच्या खऱ्या ईमेलवर आला. चिकटवला तर 'कोड अवैध'. कोडच्या शेवटी कॉपी करताना एक रिकामी जागा चिकटून आली होती, एवढंच. पैसे भरले. जुन्या कंपनीचा मेल आला की तुम्ही जाताय असं दिसतंय, अडवायचं असेल तर या दुव्यावर जा. काहीच केलं नाही तर पाच दिवसांनी डोमेन आपोआप सुटतं. मध्ये एक फोनही आला, थांबलात तर चाळीस टक्के सूट देतो म्हणून. तेरा वर्षांत पहिला फोन! १५ तारखेला, रविवारी, डोमेन नव्या खात्यात. मुदतीत एक वर्ष भर पडून तारीख झाली १९ जानेवारी २०२६. साइट एक क्षणही थांबली नाही.

नऊ महिन्यांत तक्रारीला जागा फारशी नाही. जुलै २०२५ पासून आयकॅनचे १८ सेंटचे २० झाले, तेवढीच वाढ. डीएनएसमधला बदल मिनिटा-दोन मिनिटांत लागू होतो, जुन्या पॅनलमध्ये तासभर लागायचा. पॅनल उघडलं की लोगो डिझाइन, साइट बिल्डर, 'हे नाव डॉट स्टोअरमध्येही घ्या' असलं काही अंगावर येत नाही, हे मला पैशांपेक्षाही आवडलं.

अडचण एकच, पण जाणून घ्यावी अशी. बिल डॉलरमध्ये. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून ठेवावे लागतात. आणि रिझर्व्ह बँकेचे ऑक्टोबर २०२१ चे नियम आल्यापासून परदेशी व्यापाऱ्याकडची आपोआप कपात आपल्या कार्डांवर बऱ्याचदा अडते. म्हणून ऑटो-रिन्यूच्या भरवशावर राहायला मी तयार नाही. चाचांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेला पुढच्या जानेवारीचंही पान आहे, त्यात १९ वर लाल गोल आहे. त्याआधी महिनाभर मी स्वतः बसून ओटीपी घालून पैसे भरणार. नेमसर्व्हर त्यांचेच ठेवायची अट ज्यांना जाचेल, त्यांनी दुसरा रजिस्ट्रार बघावा. आम्हाला फरक पडला नाही.

मे महिन्यात चाचांना एक छापील वाटावं असं पत्र मेलवर आलं. 'तुमच्या डोमेनची सेवा संपत आहे, ८६ डॉलर भरा.' पाठवणारं कोणीतरी तिसरंच. चाचांनी पैसे भरायच्या आधी मला दाखवलं, म्हणाले, "आता आपलं खातं कोणाकडे ते मला पाठ आहे. हे ते नव्हे."

दुकानाचं डॉट इन डोमेन मात्र अजून जुन्याच कंपनीकडे आहे. त्याचा कारभार निक्सी ही संस्था बघते आणि तिथे नाव झाकायची प्रायव्हसी सेवा चालत नाही, त्यामुळे त्यावर कोणाचा फोन नंबर लिहिलाय ते आधी बघायला हवं. काल पॅनल उघडलं. ईमेल त्याच मुलाचा, कॉलेजच्या दिवसांतलाच.